टाक्याची लांबी आणि श्रमाचे मूल्य : यंत्राने शिवलेल्या क्विल्टांच्या इतिहासातील एक प्रश्न

१

यंत्रावर क्विल्ट शिवताना टाका किती लांब ठेवावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी शिवणवर्गातील वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे वळण्याचे कारण सहजासहजी दिसत नाही. परंतु ज्या वस्तूंबद्दल लेखी पुरावा जवळजवळ नसतो, त्या वस्तूंचा इतिहास वस्तूंमधूनच वाचावा लागतो. घरातील स्त्रियांनी शिवलेली पांघरुणे या वर्गात मोडतात. त्यांच्यावर बहुधा शिवणाऱ्या स्त्रीचे नाव नसते, साल नसते, किमतीची नोंद तर नसतेच. राहतो तो टाका. तो मोजता येतो, आणि जे मोजता येते त्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह अभ्यासकास होतोच. ‘टाका बारीक म्हणून काम उत्तम, टाका मोठा म्हणून काम कमी प्रतीचे’ हा असाच एक निष्कर्ष होय. तो कोठून आला, यंत्रयुगात त्याचे काय झाले आणि पुरावा म्हणून त्याची ग्राह्यता कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

क्विल्ट म्हणजे वरचे कापड, मधला कापसाचा वा लोकरीचा भर आणि खालचे अस्तर असे तीन पदर टाक्यांनी एकत्र बांधून केलेले पांघरूण. आपल्याकडील रजई हा त्याचा जवळचा नातेवाईक. गोधडीही त्याच कुळातील. मात्र तिच्यात वेगळा भर नसून जुन्या कापडांचेच अनेक पदर असतात. या सर्वांमध्ये टाक्याला दुहेरी काम करावे लागते. तो पदर एकत्र धरतो आणि मधला भर जागचा हलू देत नाही. साध्या कपड्याच्या शिवणीत हे दुसरे काम नसते. कपड्यासाठी योग्य असलेला टाका क्विल्टसाठी योग्य ठरेलच असे नाही, याचे मूळ येथे आहे.

२

यंत्रापूर्वीचा मानदंड हाताचा होता. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिसिलीमध्ये तयार झालेली, ट्रिस्टनच्या कथेतील प्रसंग दाखविणारी क्विल्ट आजही लंडन व फ्लॉरेन्स येथील संग्रहालयांत पाहावयास मिळते. लिननच्या पदरांत कापूस भरून आणि आकृतींच्या कडा टाक्यांनी बांधून त्या उठावदार केलेल्या आहेत. तेथे टाका केवळ बांधीत नाही, तो चित्र काढतो; आणि चित्राची रेषा जितकी नाजूक, तितका टाका लहान असणे क्रमप्राप्त होते. पुढे अमेरिकेतील वसाहतींत व नंतरच्या संयुक्त संस्थानांत क्विल्ट ही घराघरांतील वस्तू झाली, तेव्हाही बारीक टाक्याची प्रतिष्ठा टिकली. एका इंचात दहा-बारा टाके घालणारी स्त्री निष्णात समजली जाई.

या मोजणीची पद्धत नीट समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढील बराच गोंधळ तिच्यातून निर्माण झालेला आहे. हाताने घातलेला धावदोरा कापडाच्या वर एकदा दिसतो व मग खाली जातो. वर तेवढीच मोकळी जागा राहते. एका इंचात दहा टाके असे म्हणताना वरच्या बाजूस दिसणारे टाकेच मोजले जातात. याचा अर्थ असा की त्या एका इंचात सुई वीस ठिकाणी कापडातून गेलेली असते. यंत्राच्या टिपेत मात्र टाक्याला टाका लागून असतो, मध्ये मोकळी जागा नसते. यंत्राचे इंचाला दहा टाके म्हणजे सुईची दहाच छिद्रे आणि प्रत्येक टाका सुमारे अडीच मिलिमीटर लांब. हाताचे दहा आणि यंत्राचे दहा हे एकच आकडे असले तरी एकच माप नव्हे. दोहोंची तुलना केवळ आकड्यावरून करणे म्हणजे कोस आणि मैल यांना एकच समजून अंतर सांगण्यासारखे आहे.

हाताच्या टाक्याची लांबी कोणी आधी ठरवून ठेवीत नसे. ती बोटांची सवय, सुईची लांबी, भराची जाडी, दिव्याचा उजेड आणि हाताशी असलेला वेळ या सर्वांच्या मेळातून आपोआप ठरे. म्हणूनच तिच्यावरून शिवणाऱ्या स्त्रीच्या कौशल्याविषयी थोडेबहुत अनुमान करण्यास जागा होती. बारीक टाका हा श्रमाचा दृश्य पुरावा होता.

३

यंत्राने नेमका हा संबंध तोडला. बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये साखळी टाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. दोन दोरे एकमेकांत अडकविणाऱ्या टिपेचे यंत्र अमेरिकेत एलियस होवे याने तयार केले व १० सप्टेंबर १८४६ रोजी त्यास पेटंट मिळाले. हे यंत्र मिनिटाला सुमारे २५० टाके घालीत असे. तथापि त्यात कापड एका धातूच्या पट्टीवरील टाचण्यांना अडकवून उभे धरावे लागे. पट्टी संपली की काम थांबवून कापड पुन्हा अडकवावयाचे. शिवण सरळ आणि आखूडच राही. अशा यंत्रावर पांघरुणाएवढे कापड शिवणे व्यवहार्य नव्हते.

१८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने पेटंट घेतलेल्या यंत्रात कापड आडवे मेजावर ठेवलेले, वरून दाबून धरणारा पाय आणि खालून पुढे सरकविणारे दातेरी चाक अशी रचना होती. त्यानंतर १८५४ मध्ये ॲलन विल्सन याने जी युक्ती पेटंट केली, ती आजपावेतो घरगुती यंत्रांत चालू आहे. कापडाखालचे दाते वर येतात, पुढे सरकतात, खाली बसतात आणि मागे जातात. या चार हालचालींच्या एका फेऱ्यात दाते जितके पुढे सरकतील, तितकी टाक्याची लांबी. दात्यांची ही चाल कमीजास्त करण्याची सोय केली, की टाका लहानमोठा करता येतो.

येथे एक मोठे स्थित्यंतर घडले. टाक्याची लांबी आता बोटांत राहिली नाही, ती एका खिट्टीवर गेली. जी गोष्ट वर्षांच्या सरावाने साधत असे ती क्षणात ठरविता येऊ लागली. आणि ठरविता येऊ लागली म्हणूनच ‘योग्य लांबी कोणती’ हा प्रश्न प्रथमच स्वतंत्रपणे उपस्थित झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सिंगरच्या अनेक घरगुती यंत्रांवर ६ पासून ३० पर्यंत आकडे कोरलेले आढळतात. ते इंचातील टाक्यांचे आकडे होत. आकडा मोठा तितका टाका बारीक. पुढे मिलिमीटरची पद्धत आली तेव्हा अर्थ उलटा झाला. आकडा मोठा तितका टाका लांब. जुन्या सूचना नव्या यंत्रावर वापरणाऱ्याने हा फरक ध्यानात न घेतल्यास सारेच उलटे होते.

यंत्राबरोबर दोराही बदलावा लागला. हातशिवणीचा तीन पदरी चकचकीत दोरा वेगवान सुईत टिकेना. १८६० च्या दशकात सहा पदरी, मऊ पण बळकट असा सुती दोरा बाजारात आला आणि मग यंत्राची टीप भरवशाची झाली. तेव्हा टाक्याच्या लांबीचा इतिहास हा केवळ एका यंत्राचा इतिहास नव्हे. सुई, दोरा, दाते आणि भर या चौघांच्या जुळणीचा तो इतिहास आहे.

४

एकपदरी वा दुपदरी कापडावर जी टीप सुबक दिसते, तीच क्विल्टवर का बिघडते, हे समजण्यासाठी यंत्राच्या रचनेकडे पुन्हा पाहावे लागते. दाते फक्त खालच्या अस्तराला ओढतात. वरचे कापड स्थिर पायाखाली घासत राहते. मधला भर मऊ व लवचिक असल्याने खालचा पदर पुढे जातो, वरचा मागे रेंगाळतो आणि शिवणीपुढे सुरकुती जमू लागते. टाका जितका आखूड, तितके या ओढाताणीचे फेरे अधिक. यावर उपाय म्हणून पदरांना आधी कच्चे टाके घालणे, आणि पुढे वरूनही कापड सरकविणारा ‘चालता पाय’ वापरणे, या गोष्टी रूढ झाल्या.

दुसरी गोष्ट जाडीची. दोन दोऱ्यांच्या टिपेत वरचा व खालचा दोरा पदरांच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. पदर जाड असतील तर दोऱ्याची काही लांबी वरून मध्यापर्यंत पोचण्यात खर्च होते व मऊ भरात टाका रुतून बसतो. म्हणून खिट्टी एकाच आकड्यावर असूनही क्विल्टवरील टाका साध्या कापडावरील टाक्यापेक्षा आखूड दिसतो. तिसरी गोष्ट छिद्रांची. पोस्टाची तिकिटे सहज फाटावीत म्हणून त्यांच्यामध्ये छिद्रांची रांग पाडलेली असते. अतिशय बारीक टीप कापडावर तशीच रांग पाडते. वर्षानुवर्षे धुतल्या-वापरल्यानंतर दोरा शाबूत राहतो आणि कापड त्या रेषेवर विरते.

उलटपक्षी टाका फार लांब ठेवला तर तो नखात, पायाच्या बोटात अडकतो, वळणावर रेषा तुटक दिसते आणि एक टाका तुटला की मोठी जागा मोकळी पडते. या दोन टोकांच्या मधला मार्ग व्यवहाराने शोधून काढला. तुकडे जोडण्यासाठी दोन ते अडीच मिलिमीटर आणि तीन पदर एकत्र बांधण्यासाठी अडीच ते साडेतीन मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण सात ते दहा टाके, हे प्रमाण आज सर्वत्र स्वीकारले जाते. बारीक दोऱ्यास व आवळ वळणांस त्यातील लहान माप, जाड दोऱ्यास व फुगीर भरास मोठे माप, असा तारतम्याचा नियम आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. क्विल्टच्या बाबतीत योग्य टाका म्हणजे शक्य तितका लहान टाका नव्हे. तो भर, दोरा आणि वापर यांच्याशी प्रमाणात असलेला टाका होय. ‘बारीक तेच उत्तम’ हा हाताच्या शिवणीचा नियम यंत्राच्या शिवणीस लावला, तर तो वस्तूच्या टिकाऊपणाच्या विरुद्ध जातो. हाताने बारीक टाका घालण्यास कष्ट पडत. यंत्राला बारीक आणि लांब टाका सारखाच सोपा. श्रमाचा पुरावा म्हणून जे माप आदरास पात्र होते, ते यंत्रावर श्रमाविषयी काहीच सांगत नाही.

५

असे असूनही जुना मानदंड सुटला नाही. आणि येथेच प्रश्न तंत्राचा न राहता मूल्याचा होतो. १८५० च्या दशकात शिवणयंत्राची किंमत शंभर डॉलरच्या आसपास होती. १८५६ मध्ये सिंगर कंपनीने हप्त्यांनी विक्री सुरू केल्यावर ते मध्यम स्थितीच्या घरांतही जाऊ लागले. त्या काळातील काही क्विल्टांवर यंत्राची टीप लपविलेली नाही. ती मुद्दाम दिसेल अशा जागी, विरोधी रंगाच्या दोऱ्याने घातलेली आढळते. घरात यंत्र आहे हे सांगण्यात तेव्हा अभिमान होता.

हॅरिएट पॉवर्स हिचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८३७ मध्ये जॉर्जिया संस्थानात गुलामगिरीत जन्मलेल्या या स्त्रीने बायबलमधील प्रसंगांची जी क्विल्ट तयार केली, ती १८८६ मध्ये अथेन्स येथील कापसाच्या प्रदर्शनात मांडली गेली होती. प्रथम तिने ती विकण्यास नकार दिला. पुढे अडचणीच्या दिवसांत, १८९१ मध्ये, पाच डॉलरला ती द्यावी लागली. आज ती वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. या क्विल्टमध्ये हाताचे टाके आहेत आणि यंत्राचेही. टाके बारीक की मोठे, हाताचे की यंत्राचे, एवढ्यावरच प्रत ठरवावयाची तर या कृतीचे स्थान काय ठरेल? आकृत्यांची मांडणी, कथेची निवड आणि रंगांचा तोल या गोष्टी त्या मापात येतच नाहीत. पॉवर्सने हात व यंत्र यांत विरोध मानलेला दिसत नाही. जे साधन हाताशी होते ते तिने वापरले.

विसाव्या शतकाच्या आरंभी वातावरण पालटले. वसाहतकालीन घराच्या आठवणींना अमेरिकेत नवी प्रतिष्ठा आली. १९१५ मध्ये मेरी वेब्स्टर हिचे क्विल्टांच्या इतिहासावरील व कृतीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. या विषयावरील पहिले स्वतंत्र पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. या काळात हातशिवण हीच खरी परंपरा, असा समज दृढ होत गेला. यंत्राची टीप, जी दोन पिढ्यांपूर्वी वैभवाचे चिन्ह होती, ती आता घाईचे चिन्ह ठरली. टाका तोच होता. पाहणारे डोळे बदलले होते.

हा समज किती खोल रुजला होता, हे १९८९ मध्ये दिसून आले. त्या वर्षी केंटकी संस्थानातील पडूका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट हिच्या ‘कोरोना द्वितीय : सूर्यग्रहण’ या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. यंत्राने क्विल्टिंग केलेल्या कृतीला तेथे तो मान प्रथमच मिळत होता आणि त्यावरून वाद झाला. आक्षेपाचे सार असे की, ज्या कामात हाताचे असंख्य टाके नाहीत ते श्रेष्ठ कसे? यंत्राच्या टिपेचा पहिला वापर होऊन तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. एवढ्या काळात यंत्र सुधारले, दोरा सुधारला, भर सुधारला. फक्त मोजपट्टी जुनीच राहिली.

६

या वादात एक गोष्ट बहुधा नजरेआड झाली. फॅलर्टसारख्या कलावतींच्या यंत्रकामात टाक्याची लांबी खिट्टीने ठरत नाही. मुक्त क्विल्टिंगमध्ये खालचे दाते निकामी करतात व कापड दोन्ही हातांनी सुईखाली हवे तसे फिरवितात. दाते काम करीत नसल्यामुळे टाक्याची लांबी सुईचा वेग आणि हाताचा वेग यांच्या प्रमाणावर अवलंबून राहते. यंत्र मिनिटाला ६०० टाके घालीत असेल व टाका अडीच मिलिमीटरचा हवा असेल, तर हाताने कापड सेकंदाला २५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक इंच, इतक्या वेगाने सरकविले पाहिजे. हात निम्म्याने मंदावला की टाका सव्वा मिलिमीटरवर येतो. दुप्पट वेगाने गेला की पाच मिलिमीटरवर. वळणावर हात स्वभावतः मंदावतो, म्हणून तेथे टाके दाटतात. सरळ रेषेत तो धावतो, म्हणून तेथे ते लांबतात.

म्हणजे यंत्राने बोटांतून खिट्टीवर नेलेली लांबी येथे पुन्हा हातात परत आली. सारखे टाके घालणे हे पुन्हा सरावाचे फळ झाले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून कापडाची हालचाल टिपून सुईचा वेग त्यानुसार आपोआप जुळविणारी यंत्रे घरगुती बाजारात आली आहेत. त्यामुळे हे कौशल्यही काही अंशी पुन्हा यंत्राकडे गेले आहे. कौशल्याचे हे हातातून यंत्रात आणि यंत्रातून हातात होणारे येणेजाणे हाच या विषयातील खरा इतिहास होय. हात म्हणजे परंपरा आणि यंत्र म्हणजे तिचा अंत, अशी सरळ रेषा काढणाऱ्यास तो दिसणार नाही.

७

या विवेचनाचा महाराष्ट्रातील वस्त्राभ्यासाशीही संबंध पोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणयंत्रे हिंदुस्थानात विकली जाऊ लागली, परंतु ती प्रामुख्याने शिंप्याच्या दुकानात स्थिरावली. घरातील गोधडी, किंवा काही भागांत जिला वाकळ म्हणतात ती, हाताच्या धावदोऱ्यानेच शिवली जात राहिली. जुनी लुगडी, धोतरे व चिंध्या यांचे अनेक पदर एकावर एक अंथरून, जाड दोऱ्याने आणि मोठ्या सुईने, ओळीमागून ओळ शिवलेली ही वस्तू इंचातील टाक्यांच्या मोजपट्टीवर फार खाली उतरेल. परंतु ती मोजपट्टी येथे लागूच पडत नाही. पाच-सहा पदरांतून जाड दोरा ओढताना टाका मोठाच घ्यावा लागतो. कापड आधीच विरलेले असल्यामुळे बारीक टाके त्याला फाडतील. आणि मधला भर सुटा नसल्यामुळे त्याला आवळून धरण्याची गरजही कमी असते. गोधडीचा लांब टाका हा अडाणीपणा नसून जुन्या कापडाशी केलेला समंजस व्यवहार आहे.

यास्तव पांघरुणांच्या अभ्यासात टाक्याच्या मापाचा उपयोग काही मर्यादा पाळूनच करावा लागेल. यंत्राची दुदोरी टीप आढळली, तर ती शिवण १८५० च्या आसपासच्या किंवा नंतरच्या काळातील आहे, एवढे निश्चित सांगता येते. मात्र संपूर्ण वस्तू त्याच काळातील आहे असे नव्हे, कारण जुन्या पांघरुणाची कड नंतर यंत्रावर शिवली गेली असण्याचा संभव असतो. उलट, केवळ हाताचा टाका आहे म्हणून वस्तू यंत्रपूर्व ठरत नाही. इंचातील टाके नोंदविताना ते हाताचे की यंत्राचे, दिसणारे टाके मोजले की सुईची छिद्रे, भर कोणता, दोरा किती जाड आणि ओळींमधील अंतर किती, याही नोंदी शेजारी हव्यात. त्यांच्यावाचून टाक्यांचा आकडा हा संदर्भ हरवलेल्या शिलालेखाच्या तुकड्यासारखा होय. अक्षरे वाचता येतात, पण वाक्य लागत नाही.

मोजमापाची प्रतिष्ठा ज्या परिस्थितीत निर्माण होते, ती परिस्थिती बदलल्यानंतरही प्रतिष्ठा टिकून राहते, आणि मग ती मोजमापाऐवजी निवाडा करू लागते. बारीक टाक्याच्या बाबतीत हेच घडले. ज्यांच्यापाशी फुरसत, उजेड आणि नवे कापड होते त्यांचे काम ‘उत्तम’ ठरले. ज्यांनी दिवसभराच्या कामानंतर चिंध्यांतून ऊब निर्माण केली त्यांचे काम नोंदीच्या तळाशी गेले. योग्य टाका कोणता, या प्रश्नाचे उत्तर शिवणारीने प्रत्येक वेळी समोरच्या कापडाकडे पाहून दिले आहे. इतिहासकारालाही टाका मोजण्यापूर्वी त्या कापडाकडे पाहावे लागेल.